दहा हजारावी फाइल

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी फोन.
ओवेन. नवा आहे, घाबरला की भराभर बोलतो.
"पेन्शनचं काम अडकलंय.
पण यंत्र चालू आहे."
पण यंत्र चालू आहे –
हे वाक्य ऐकत मी इथे म्हातारी होत चालले आहे.

बिंगहॅम्टनला त्या रात्री उणे अठरा.
सस्क्वेहाना पुलाखाली अर्धी गोठलेली,
अर्धी अजून विचारात.
गाडीच्या काचेवरचा बर्फ मी
ग्रंथालयाच्या कार्डाने खरवडला.

तळघरात एकच यंत्र, कपाटाएवढं,
आणि त्याच्या पोटात एकशे बारा यंत्रं, जी नाहीत.
आम्ही त्यांना पाहुणे म्हणतो.
प्रत्येक पाहुण्याला वाटतं, सगळं घर आपलंच:
आपलीच मेमरी, आपलीच डिस्क, आपलाच प्रोसेसर.
खरा घरमालक कुणाला दिसत नाही.
तो एकाचं पान हळूच उचलतो,
डिस्कवर झाकून ठेवतो,
तीच जागा दुसऱ्याला देतो,
पहिल्याला भूक लागायच्या आत त्याचं पान परत मांडतो.
सेकंदाला हजार वेळा.
पंगत मोडल्याचं कुणाला कळत नाही.

हिरव्या अक्षरांसमोर ओवेन हुडी घालून बसलेला.
नेटवर्क पाहिलं, डिस्क पाहिली, पासवर्ड पाहिले.
"सगळंच बंद करून पुन्हा सुरू करू या का?"
हात लावू नकोस, म्हटलं.
दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं नको.

मग एकेका पाहुण्याला उठवून विचारत गेले.
चालू. झोपलेला. चालू. झोपलेला.
सत्तेचाळिसावा ताटकळत उभा.
कुणासाठी?
कुबिशसाठी.

एमिल कुबिश.
बापाने एंडिकॉटच्या कारखान्यात जन्मभर बुटांना तळवे शिवले,
पोराने या यंत्राला.
डिस्क बिघडली की शीळ घालायचा, सुरात नाही.
सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी त्याने टेबल पुसलं,
आपल्या रीडरमधली शेवटची फाइल वाचली, पुसली,
आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या.
मी सत्तावीस वर्षांची होते.
जाऊनही आता त्याला अकरा वर्षं झाली.

पण एक लहानसा प्रोग्राम त्याने मागे ठेवला होता, विसरून.
रोज पहाटे चारला, पेन्शनच्या आधी,
तो कुबिशच्या रीडरमध्ये एक फाइल टाकायचा.
रीडर म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा.
कार्डं कधीच गेली, शब्द राहिला.
एका माणसाच्या नावावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव फाइली मावतात,
त्यापुढे नाही.
आज दहा हजारावी दाराशी आली.

ओवेनने बोटांवर हिशेब केला, मग फोनवर.
"सत्तावीस वर्षं आणि साडेचार महिने," म्हणाला,
आणि पहिल्यांदाच हळू बोलला.

मी पहिली उघडली: *चुका शून्य. सगळं ठीक.*
मधलीच एक उघडली.
पुराची रात्र; वर आम्ही वाळूच्या पोत्यांनी दार अडवत होतो,
बाथरोबमधल्या मिसेस पालुंबो दोन्ही हातांनी पंप धरून.
*चुका शून्य. सगळं ठीक.*
माझ्या घटस्फोटाच्या दिवशीची उघडली नाही.
तिच्यात काय असणार ते ठाऊक होतं.

साडेसहाला मिसेस पालुंबोंचा फोन: किती वेळ?
एक शब्द टंकला, वर एंटर.
नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव फाइली नष्ट, असं यंत्र म्हणालं,
आणि खाली, नेहमीसारखं: रेडी.
पेन्शन सुटलं. ओवेन कॉफी आणायला गेला.

प्रोग्राम काढूनच टाकायला हवा होता.
नियमाने कुबिशचं नावसुद्धा यादीतून पुसायला हवं.
ते मी सोमवारी करीन म्हटलं; तीन सोमवार झाले.
तेवढी एक ओळ बदलली,
त्याच्या नावाच्या जागी माझं.

आता रोज चारला येते.
रोज पुसत नाही मी.
रीडर भरेल तेव्हा एक्क्याऐंशीची असेन.
ओवेनला सांगून ठेवलंय
कुठे पाहायचं ते.